अहेबी उगबाबे: राणी नाही, राजा

बाईने राज्य केलं म्हटलं की आपल्या तोंडात आपसूक ‘राणी’च येतं, पण न्वांडो अचेबे वाचायला घेतल्या आणि या शब्दाची माझी सवयच मोडली. न्वांडो म्हणजे कादंबरीकार चिनुआ अचेबेंची मुलगी, हे एकदा सांगून टाकतो आणि विसरूया, कारण बाई स्वतः अमेरिकेत मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत इतिहासाच्या प्रोफेसर आहेत आणि आफ्रिकन बायकांचा इतिहास हेच त्यांचं काम. गावातल्या जुन्या माणसांशी बोलायचं, गाणी गोळा करायची आणि मग इंग्रजांचे कागद त्याच्याशी ताडून बघायचे, अशी पद्धत.

तर राणी आणि राजा यांतला फरक असा. घानातली या असांतेवा, १९०० साली इंग्रजांशी लढली ती, एजिसूची राणीमाता होती. राणीमाता म्हणजे राजाची बायको नाही बरं का, ते बायकांसाठीचंच वेगळं पद, पुरुष प्रमुखाच्या शेजारचं. आपली झाशीची राणी आठवा, तिनेही कारभार केला तो दत्तक मुलाच्या नावाने.

अहेबी उगबाबेचं तसं नाही, ती थेट पुरुषाच्याच गादीवर बसली. नायजेरियातलं एनुगू-एझिके हे तिचं गाव. बापाच्या गुन्ह्याची भरपाई म्हणून तिचं देवीशी लग्न लावणार होते, आपल्याकडे ‘देवाला सोडणं’ म्हणतात तसलाच काहीसा प्रकार, तर पोरगी पळाली ती शेजारच्या इगाला लोकांच्या मुलखात. तिथे देहविक्रय केला, व्यापार केला, भाषा शिकली, मोठ्या लोकांत उठबस वाढवली आणि परत आली ती इंग्रजांना वाट दाखवत (हा भाग मला अजून खटकतो). इंग्रजांनी तिला वॉरंट चीफ, म्हणजे सनद देऊन नेमलेला स्थानिक प्रमुख केलं, वसाहतीच्या काळात नायजेरियात हे पद मिळालेली ती एकटीच बाई, आणि पुढे इगालाच्या राजाच्या पाठिंब्याने ती ‘एझे’ म्हणजे राजा झाली. तिने बायकाही केल्या, म्हणजे रीतसर लग्न करून नवरा झाली. हे शरीरसंबंधाचं नातं नव्हे, घराणं आणि वारस यांचा मामला, इथेही वाचणारे हमखास गोंधळतात. मराठीत तर क्रियापदच अडतं, ‘राजा होता’ लिहू की ‘होती’?

मग राजा झाली तर पूर्ण पुरुष झाली का? नाही ना. तिने स्वतःचं मुखवट्याचं सोंग बाहेर काढलं. आपल्याला ते सोंग, तिथल्यांसाठी तो परत आलेला पूर्वज, त्याचं गुपित फक्त पुरुषांचं. तिची गादी गावाने चालवून घेतली होती, पण हे नाही चाललं. गावातल्या वडीलधाऱ्यांनी सोंग काढून घेतलं, ती दाद मागायला गेली आणि ज्या इंग्रजांनी तिला वर चढवलं त्यांनीच तिच्या विरोधात निकाल दिला. न्वांडोंच्या अहेबीवरच्या २०११ च्या पुस्तकातला माझ्या मते हाच सगळ्यात जबरदस्त भाग.

आपल्यामागे आपलं नीट करतील याचा अहेबीला भरवसा नव्हता. तिने जिवंतपणीच स्वतःचे अंत्यविधी उरकून घेतले, आणि मग १९४८ मध्ये गेली.