मिडबास हॉर्न लहान ड्रायव्हरसाठी करून घेताना

१५ इंची ड्रायव्हरचा (आवाज काढणाऱ्या स्पीकर युनिटचा) आमचा मिडबास हॉर्न, म्हणजे बासच्या वरच्या पट्ट्यासाठीचा कर्ण्यासारखा रुंदावत जाणारा भोंगा, १२ इंचीसाठी लहान करून मिळेल का, अशी विचारणा नेहमी होते. मिळेल. पण आधी एक ठरवा: हॉर्नच लहान हवाय, की घरात पडून असलेला १२ इंची ड्रायव्हर वापरायचाय? दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत.

हॉर्न लहान हवा असेल तर सगळी मापं एकाच पटीत कमी करायची. ही पट इंचांवरून काढू नका, कोनच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या हलणाऱ्या पडद्याच्या, क्षेत्रफळावरून काढा. १५ इंची कोनचं प्रभावी क्षेत्रफळ साधारण ८६० चौ. सेंमी, १२ इंचीचं ५३०. या गुणोत्तराचं वर्गमूळ येतं ०.७८. लांबी-रुंदी त्या पटीत घटली की मागच्या चेंबरचं (ड्रायव्हरमागच्या बंद कप्प्याचं) आकारमान निम्म्याहूनही खाली येतं, आणि खाली ८० हर्ट्‌झला थांबणारा हॉर्न १०२ला थांबतो. मधला पट्टा सबवूफरला (सर्वांत खालचे स्वर वाजवणाऱ्या स्पीकरला) उचलावा लागेल, म्हणजे क्रॉसओव्हरही (दोघांमधली वाटणीची वारंवारता) वर न्यावा लागेल.

८० हर्ट्‌झच हवेत? आणि तेही १२ इंची ड्रायव्हरवर? मग हॉर्न लहान होत नाही, उलट वाढतो! किती खाली वाजायचं हे हॉर्नचा फुगवटा (तो किती वेगाने रुंदावतो) आणि तोंड (बाहेरचं रुंद टोक) ठरवतात, ड्रायव्हर नाही. एक्स्पोनेन्शियल हॉर्नमध्ये (ठरावीक लांबीला क्षेत्रफळ ठरावीक पटीने वाढणाऱ्या) फुगवटा तोच ठेवून घसा (ड्रायव्हरकडचं अरुंद टोक) १२ इंचीच्या मापाचा केला, तर घशाकडून साधारण १७ सेंमी लांबी जोडावी लागते. तोंड आहे तेवढंच राहतं.

सुतारकामात हमखास फसवणारी गोष्ट म्हणजे प्लायची जाडी. पट लावायची ती आतल्या मापांना. समजा १८ मिमी प्लायमधला घसा बाहेरून १२० मिमी रुंद आहे, म्हणजे आतून ८४. त्याचे ०.७८ पटीने ६५.५ व्हायला हवेत. बाहेरच्या १२०लाच पट लावली आणि प्लाय १८चंच वापरलं, तर आत जेमतेम ५७.६ उरतात. घसा आवळला की कोनवर दाब वाढतो. तोंडाशी एवढा फरक जाणवणारही नाही.

ड्रायव्हरचे आकडे मात्र कुठल्याच पटीत बदलत नाहीत. ते कंपनीच्या डेटाशीटवरूनच घ्यायचे आणि मागचा चेंबर त्यांवरून नव्याने काढायचा. पटीचा आकडा फक्त अंदाजापुरता. हॉर्न वर कुठपर्यंत जोमात वाजेल हे पाहायला डेटाशीटवरच्या एफएसला (Fs, ड्रायव्हरची नैसर्गिक कंपनवारंवारता) क्यूटीएसने (Qts, ते कंपन किती आवरलं जातं याचा आकडा; जितका लहान तितकं जास्त आवरलेलं) भागून दुप्पट करा. एफएस ५०, क्यूटीएस ०.२५ असेल तर ४०० हर्ट्‌झ. एफएस ५५ आणि क्यूटीएस ०.४५ असेल तर २४५च्या आसपास आवाज उतरू लागतो, आणि मिडबास म्हणून हाती फारसं काही लागत नाही. चुंबक केवढा दिसतो यावर जाऊ नका.

ऑर्डर देताना डेटाशीट, क्रॉसओव्हरची खालची-वरची हद्द आणि हॉर्न जमिनीवर राहणार की टांगणार, एवढं कळवा. जमिनीवर ठेवायचा असेल तर तोंड बरंच लहान चालतं. क्यूटीएस ०.४च्या वर असला तर आम्ही हॉर्न कापायला घेत नाही, त्या ड्रायव्हरला साधी बंद पेटी सुचवतो.