‘७७७ मारा’ म्हणणाऱ्यांसाठी खुलासा

घरच्या नॅसवरचं (घरातल्या सगळ्यांच्या फाइली ठेवणाऱ्या नेटवर्कवरच्या डब्यावरचं) फोल्डर उघडेना, की सल्ला ठरलेला: ‘सीएचमॉड ७७७ मार, होतंय.’ म्हणजे लिनक्सची आज्ञा देऊन फोल्डर सगळ्यांना सताड खुलं करा. मालवणात होमस्टेचे फोटो नि बिलं एकाच नॅसवर ठेवणाऱ्या घरांतही हाच रामबाण. बहुतेक वेळा तो लागत नाही.

परवानगी दोन ठिकाणी तपासली जाते: शेअरवर (नेटवर्कवरून दिसणाऱ्या फोल्डरवर) सांबा, म्हणजे ते फोल्डर विंडोजला दाखवणारं सॉफ्टवेअर; डिस्कवर लिनक्स, म्हणजे नॅसची ऑपरेटिंग सिस्टीम. दोन्हींत जी कडक, ती चालते. ७७७ ने फक्त डिस्कवरची सैल होते. माजघर सताड उघडं टाकलं तरी बेड्याला (कुंपणाच्या फाटकाला) कुलूप असेल तर पाहुणा बाहेरच. शिवाय त्या मशीनवरच्या कुठल्याही खात्याला फाइली पुसायची मुभा मिळते, ते वेगळंच.

खरं दुखणं पुष्कळदा विंडोजकडे असतं. एका सर्व्हरशी ते एका वेळी दोन नावांनी जोडत नाही. मुलाने आधी त्याच्या नावाने लॉगिन केलं असेल, तर तुमचा बरोबर पासवर्डही फुकट. विंडोजच्या ‘नेट यूज’ या आज्ञेने जुनी जोडणी तोडा, क्रेडेन्शियल मॅनेजरमधली (विंडोज पासवर्ड साठवतं तिथली) नोंद काढा. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीत तर बिनपासवर्डचा गेस्ट प्रवेश मुळातच बंद. तिथे ७७७ ची डाळ शिजत नाही.

आईने टाकलेली फाइल मुलीला बदलता येत नाही? सांबाचा मूळ क्रिएट मास्क (नव्या फाइलीला जास्तीत जास्त किती परवानगी मिळेल ते ठरवणारा आकडा) ०७४४, म्हणजे लिहायचा हक्क एकट्या मालकाला. घरातल्यांचा एक ग्रुप करा, फोल्डर त्या ग्रुपच्या नावे करून २७७० द्या (मालकाला नि ग्रुपला पूर्ण हक्क, बाकीच्यांना काही नाही; सुरुवातीच्या २ मुळे नव्या फाइली त्याच ग्रुपच्या होतात) आणि क्रिएट मास्क ०६६० ठेवा, म्हणजे ग्रुपलाही लिहिता येतं.