मेथी-धण्याचं घरचं बियाणं आमच्याकडे आणताना

‘भाऊ, औषध चोळून द्या, उद्या पेरायचंय.’ आमचं काम शेतकऱ्यांचं बियाणं चाळायचं, तपासायचं आणि त्याला औषध लावायचं. पेरणीच्या दिवसांत हे रोज ऐकतो, आणि रोज कुणाला तरी नाही म्हणावं लागतं. म्हणून हे पत्रक.

खान्देशात मेथी आणि धण्याचं बी फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येतं आणि अवकाळीही नेमका तेव्हाच गाठतो. शेंग वाळत असताना भिजली की बुरशी बियात शिरते. मेथीच्या पानांवर ठिपके पाडणारी सर्कोस्पोरा नावाची बुरशी बियासोबतच पुढच्या हंगामात जाते. कोथिंबिरीच्या खोडावर गाठी येत असतील, तर त्या झाडांचे फुगलेले, वेडेवाकडे धणे बियाण्याला ठेवूच नका.

पण सगळ्यांत जास्त नुकसान होतं ते खळ्यावर. पावसात सापडलेला ढीग सुक्या ढिगात मिसळला जातो. खताच्या रिकाम्या प्लास्टिक गोणीत तोंड बांधून ठेवला, की ओलं बी सुक्याला ओल देतं आणि महिन्याभरात गोणीला कुबट वास येतो. आमची चाळणी हलकं, फुटकं बी आणि काडीकचरा काढते. पण बुरशी लागलेलं बी चांगल्याच्याच आकाराचं, वजनाचं असलं तर कोणतंही यंत्र ते वेगळं करू शकत नाही. थायरम हे बुरशीनाशकही (किलोला 3 ग्रॅम) बियाच्या सालीवरच काम करतं, आत पोचलेल्या बुरशीवर नाही. भिजलेला माल वेगळ्या गोणीत, चिठ्ठी लावून आणा. एवढं केलंत तरी चांगला भाग वाचवता येतो.

आम्ही वेळ लावतो ही तक्रार खरी आहे. उगवण चाचणीला 400 बिया लागतात, मेथीला 14 दिवस आणि धण्याला 21. टिपकागदावर बुरशी पाहायला 7 दिवस. बी घाई मानत नाही. शिवाय मेथीत ओल 8 टक्क्यांच्या वर असेल, तर आधी वाळवल्याशिवाय आम्ही औषध लावत नाही. त्यापायी गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल, शेत रिकामं राहायला नको.

जून-जुलैत पेरायचं असेल, तर बी एप्रिलमध्येच आणा. तेव्हा आमच्याकडे गर्दी नसते. साठवायला कापडी पिशव्या दुकानात मिळतील. वाळवायला जागा नसेल तर आमची ताडपत्री भाड्याने न्या.

औषध लावलेलं बी रंगवून देतो. ती मेथी लाडवात, फोडणीत किंवा गुरांपुढे जाऊ देऊ नका, आणि उरलेलं परत घेतलं जाणार नाही.