बरोबरचं चिन्ह किमतीला लागतं, लिमिटला नाही

तुकड्यातुकड्यांनी दिलेलं फंक्शन आलं की अकरावीच्या वर्गात दोन गोष्टींची हमखास सरमिसळ होते: बिंदूवरची किंमत, आणि त्या बिंदूकडे एका बाजूने सरकताना मिळणारी लिमिट, म्हणजे किंमत ज्या आकड्याच्या जवळ जवळ जाते तो आकडा. पोट्टे विचारतात, "सर, बरोबरचं चिन्ह तं खालच्या ओळीत हाये, मंग तुम्ही वरची काहून घेतली?" प्रश्न एकदम रास्त आहे. सगळी गडबड त्या चिन्हाचीच आहे.

कापसाचं गणित घेऊ. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर, मग ते हिंगणघाटचं असो की वणीचं, भाव ओलाव्यावर ठरतो. ओलावा 8 टक्के असेल तर पूर्ण हमीभाव, त्यापुढे दर टक्क्यामागे भावात 1 टक्का कपात, आणि 12 टक्क्यांच्या वर गेला की माल घेतच नाहीत. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये होता. ओलावा क्ष टक्के मानला तर हातात पडणारा भाव असा:

8 ≤ क्ष ≤ 12 असताना, 8110 × (1 − (क्ष − 8)/100)
क्ष > 12 असताना, 0 (गाडी परत)

आता क्ष = 12 पाशी थांबू. बरोबरचं चिन्ह वरच्या ओळीत आहे, म्हणून 12 वरची किंमत 7785.60 रुपये. डावीकडून येताना 11.9 ला 7793.71, 11.99 ला 7786.41, म्हणजे डावी लिमिटही 7785.60. उजवीकडे 12.1 घ्या, 12.001 घ्या, हाती 0च. उजवी लिमिट 0.

समजा उद्या नियम बदलला आणि नेमका 12 टक्क्यांचा मालही परत पाठवायचं ठरलं. बरोबरचं चिन्ह खालच्या ओळीत गेलं, 12 वरची किंमत 7785.60 वरून 0 झाली. डावी लिमिट? 7785.60च. उजवी? 0च. चिन्ह इकडून तिकडे गेलं तरी लिमिटवर ओरखडाही उमटला नाही. माझ्या मते हा विषय शिकवताना पहिल्यांदा हेच करून दाखवावं, व्याख्या मागून आली तरी चालते.

व्याख्येत हे लपलेलं नाही, फक्त नजर तिथे ठरत नाही. 0 < |क्ष − अ| < डेल्टा यात अ म्हणजे आपला बिंदू, डेल्टा म्हणजे त्याच्यापासूनचं छोटंसं अंतर. यातला सुरुवातीचा '0 पेक्षा मोठं' हा तुकडा अ ला बाहेर काढतो. म्हणून डाव्या लिमिटसाठी क्ष < अ ची ओळ घ्यायची, उजव्यासाठी क्ष > अ ची. फक्त किमतीसाठी, म्हणजे फ(अ) साठी, बरोबरचं चिन्ह शोधायचं.

कधी किंमत दोन्ही लिमिटपेक्षा वेगळी असते. क्ष < 2 साठी क्ष² + 1, क्ष = 2 ला 7, क्ष > 2 साठी 3क्ष − 1 असं फंक्शन घ्या. डावीकडून 5, उजवीकडून 5, म्हणून लिमिट आहे आणि ती 5 आहे. फ(2) मात्र 7, त्यामुळे तिथे फंक्शन सतत नाही, म्हणजे आलेख तिथे तुटतो. आणि कधी किंमतच नसते: |क्ष − 3|/(क्ष − 3) ला 3 वर अर्थ नाही, तरी डावी लिमिट −1 आणि उजवी 1. दोन्ही एकबाजू लिमिट आहेत, पण जुळत नाहीत, म्हणून 3 पाशी लिमिट नाही.

एक बारीक गोष्ट. 2 च्या डोक्यावर वजाचं चिन्ह दिलं की ते '2 च्या डावीकडून' एवढंच सांगतं, त्याचा −2 शी संबंध नाही. आणि −2 च्या डावीकडे −2.1 येतो, −1.9 नाही. घाईत इथे चांगल्या चांगल्यांचे मार्क जातात.

बोर्डाला 'क ची किंमत काढा' हा प्रश्न आवडतो. तिथे आधी क कुठे बसलाय ते पाहा. वरच्या फंक्शनमध्ये 7 च्या जागी क ठेवला, तर डावी लिमिट = उजवी लिमिट असं मांडून क सापडत नाही; 5 = 5 एवढंच येतं. लिमिट असायला तिथे क काहीही चालतो, सातत्य हवं असेल तर मात्र क = 5च.