बेटावरची दोघांची सुट्टी: खोली नंतर, आधी समुद्र बघा

बेटावर निवांत सुट्टी घालवायची म्हणून आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक जोडप्यांच्या मोबाइलमध्ये खोल्यांचे फोटो आधीच साठवलेले असतात. पाण्यावरचा व्हिला, थेट समुद्रात उतरणारी शिडी, खिडकीशेजारचा बाथटब. खोली महत्त्वाची आहेच. पण आठवडाभर तुमच्या डोळ्यांसमोर, कानांत आणि पायांखाली समुद्र असणार आहे, आणि फोटोत त्याचा एकच क्षण दिसतो. ओहोटीला तो कुठे जातो, जुलैमध्ये त्यावर वारा कसा असतो, पोहता न येणाऱ्याला त्यात उतरता येईल का, हे फोटोवरून कळत नाही. म्हणून या पत्रकात आम्ही खोलीपेक्षा पाण्याबद्दल जास्त लिहिलं आहे. बुकिंगआधी दोघांनी मिळून वाचावं, ही विनंती.

महिना आधी ठरवा, बेट मग

कर्कवृत्त आणि मकरवृत्ताच्या मधल्या पट्ट्यातल्या बेटांवर तापमान वर्षभर जवळपास सारखंच असतं. फरक पडतो तो पावसाने आणि वाऱ्याने, आणि तोही प्रत्येक बेटावर वेगळा. थायलंडचंच बघा. फुकेत अंदमान समुद्राच्या बाजूला आहे. मे ते ऑक्टोबर नैऋत्य मोसमी वारे थेट त्याच्या अंगावर येतात, लाटा उंच होतात आणि किनाऱ्यावर लाल बावटे लागतात. त्याच देशातलं को समुई पलीकडच्या आखातात आहे. तिथे जुलै-ऑगस्ट बऱ्यापैकी कोरडे जातात आणि खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर कोसळतो, त्यातही नोव्हेंबरमध्ये सगळ्यात जास्त. त्यामुळे नुसतं ‘थायलंडला कधी जावं’ असं विचारलंत तर आम्ही आधी विचारतो, कुठल्या बाजूला?

मालदीवमध्ये डिसेंबर ते एप्रिल हवा कोरडी आणि समुद्र शांत असतो. मे ते ऑक्टोबर नैऋत्य वाऱ्यांचे. मॉरिशसमध्ये जून ते ऑगस्ट आग्नेयेकडून जोराचा वारा येतो, तेव्हा पूर्व किनाऱ्यावर सतत घोंगावतं आणि पश्चिमेचा किनारा आडोशाला राहतो. ज्यांना निवांत पडून राहायचंय त्यांना आम्ही त्या दिवसांत पश्चिमेलाच पाठवतो, मग पूर्वेचं रिसॉर्ट कितीही देखणं असो. नोव्हेंबर ते एप्रिल तिथे चक्रीवादळांचा काळ असतो. सेशेल्स बहुतांशी त्या वादळपट्ट्याबाहेर आहे आणि तिथे वारा वर्षातून दोनदा दिशा बदलतो. बदलताना एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास समुद्र अगदी सपाट होतो. आमच्या मते जोडप्यांसाठी तिथले हे सगळ्यात चांगले दिवस.

कॅरिबियनकडे बघत असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. अटलांटिकमधला चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. अरुबा आणि कुरसाओ ही बेटं बरीच दक्षिणेला असल्याने वादळांच्या नेहमीच्या वाटेवर येत नाहीत. दुसरी गोष्ट सरगॅसम नावाच्या तपकिरी शेवाळाची. २०११ पासून ते बऱ्याच किनाऱ्यांवर ढिगांनी वाहून येतं, विशेषतः वसंत आणि उन्हाळ्यात, आणि कुजलं की उग्र वास मारतं. एकाच बेटाच्या एका बाजूला ते असतं आणि दुसऱ्या बाजूला नसतं, म्हणून बाजू विचारून घ्या.

बालीला जाणाऱ्यांनी न्येपी हा सण कधी आहे ते तपासावं. तो बहुधा मार्चमध्ये येतो. त्या दिवशी चोवीस तास विमानतळ बंद, रस्ते रिकामे, दिवे मंद, आणि पाहुण्यांनीही हॉटेलच्या आवारातच थांबायचं. ऐन त्या दिवशी पोहोचायचा बेत केलात तर फसाल. पण आधीपासून तिथे असाल तर इतकी शांत आणि ताऱ्यांनी भरलेली रात्र दोघांना क्वचितच मिळेल.

भरती, ओहोटी आणि प्रवाळाचा बांध

चित्रातलं ते फिकट निळं, तळ दिसणारं पाणी म्हणजे लगून. किनाऱ्यापासून काही अंतरावर प्रवाळाचा नैसर्गिक बांध असतो, मोठ्या लाटा त्याच्यावर फुटतात आणि आत पाणी शांत राहतं. किनाऱ्यावर उभं राहून समोर बघितलं की हा बांध ओळखता येतो. दूरवर फेसाची एक पांढरी रेघ सतत हलत असते, तिच्या आत फिकट रंग आणि बाहेर एकदम गडद निळा. पोहता येणाऱ्यांना ही रेघ जवळ असलेलं बरं, कारण मासे बांधापाशीच असतात. नुसतं डुंबायचंय त्यांना ती दूर असलेली बरी.

आता ओहोटी. दिवसात बहुतेक ठिकाणी दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. मालदीवमध्ये पाण्याची चढउतार मीटरभराच्या आसपास असते, त्यामुळे किनारा दिवसभर साधारण तसाच दिसतो. झांझिबारच्या पूर्व किनाऱ्यावर मात्र चित्रच पालटतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तिथे भरती आणि ओहोटीतला फरक चार मीटरच्या आसपास जातो आणि पाजे, जांबियानी या गावांसमोरचं पाणी पार लांब हटतं. सकाळी पोहायला उतरावं तर समोर ओली वाळू, अधूनमधून घोट्याएवढी डबकी, आणि लांबवर काठ्यांना बांधलेल्या दोऱ्यांवर समुद्री शेवाळाची शेती करणाऱ्या बायका. डबक्यांत वाकून बघितलं तर लहान खेकडे, समुद्रकाकड्या आणि काळ्या काट्यांची समुद्री अर्चिन दिसतात. आम्हाला हे दृश्य फार आवडतं. पण पोहण्यासाठीच गेलेल्या जोडप्याचा यात हिरमोड होतो. अशांनी त्याच बेटाच्या उत्तरेला नुंग्वी किंवा केंडवाला राहावं, तिथे ओहोटीलाही पाणी पोहण्याजोगं राहतं. बालीतल्या सानूरलाही ओहोटीला पाणी असंच दूर जातं.

तारखा हातात असतील तर अष्टमीच्या आसपासचे दिवस धरा. तेव्हा भांगाचं पाणी असतं, चढउतार कमी. उथळ प्रवाळी किनाऱ्यावर रबरी तळाचे पाण्यातले बूट हवेतच. अर्चिनचा काटा तळपायात मोडला की दोन-तीन दिवस चालणं नकोसं होतं. आणि प्रवाळावर उभं राहू नका. तो दगड दिसतो, पण जिवंत असतो, आणि फांदीसारखा प्रवाळसुद्धा वर्षाला काही सेंटिमीटरच वाढतो.

पाण्यावरचा व्हिला की वाळूतला?

पाण्यावरच्या बंगल्यांची सुरुवात १९६७ मध्ये फ्रेंच पॉलिनेशियातल्या रायातेआ बेटावर झाली. तिथल्या हॉटेलला चांगला वाळूचा किनारा नव्हता, म्हणून मालकांनी खोल्या पाण्यावर नेल्या. ही हकिगत आम्ही ग्राहकांना मुद्दाम सांगतो, कारण तिच्यात निवडीचं गमक आहे. किनारा चांगला असेल तर वाळूतला व्हिला कशातही उणा नाही. सावली मिळते, झाडं असतात, अनवाणी चालत पाण्यात जाता येतं, दुपारी दरवाजा उघडा ठेवून झोपता येतं. पाण्यावरच्या व्हिलात सकाळी उठल्याबरोबर समुद्र मिळतो, पण दुपारी लाकडी डेकवर ऊन कडक असतं, वारा असेल तर रात्री खांबांवर पाणी आदळत राहतं, आणि जेवणाच्या ठिकाणी जायला लांबलचक लाकडी पुलावरून चालावं लागतं. झोप हलकी असेल तर याचा नीट विचार करा. बरीच रिसॉर्ट अर्धे दिवस इथे आणि अर्धे तिथे असं जुळवून देतात. त्यात सुरुवात वाळूतून करून शेवटच्या दोन रात्री पाण्यावर काढाव्यात, असं आम्ही सुचवतो.

दोघांपैकी एकाला पोहता येत नसेल

असं फार वेळा असतं, आणि बरेचदा ते संकोचाने सांगितलं जात नाही. कृपया सांगा. त्याप्रमाणे आम्ही वाळूचा तळ, हळूहळू खोल होणारं पाणी आणि जीवरक्षक असलेला किनारा शोधतो. लाइफ जॅकेट घालून, मास्क लावून, कंबरभर पाण्यात तोंड खाली केलं तरी मासे दिसतात. त्यासाठी पोहणं यावं लागत नाही, फक्त मास्क नीट बसावा लागतो. तो बघायची पद्धत सोपी आहे. पट्टा मागे न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क तसाच चिकटून राहिला तर माप बरोबर. केसांची बट आत अडकली असेल किंवा मिशी दाट असेल तर फटीतून पाणी येतं. मिशीवर थोडं पेट्रोलियम जेली लावलं की बरंचसं थांबतं. पहिल्या दिवशी बोटीने लांब जाऊ नका, किनाऱ्याजवळ अर्धा तास सराव करा.

उघड्या किनाऱ्यांवर, म्हणजे जिथे प्रवाळाचा बांध नाही तिथे, पाण्याला ओढ असते. सेशेल्समधल्या ला दीग बेटावरचा ग्रांद आन्स हा अतिशय सुंदर आणि पोहायला धोकादायक किनारा त्यातलाच. ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, दम तिथेच संपतो. आधी तरंगा, हात वर करून मदत मागा, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर जाऊन ओढीतून बाहेर पडल्यावर आत वळा. जोडीदाराला वाचवायला तसंच पाण्यात उडी मारणं सगळ्यात घातक. आधी तरंगणारी एखादी वस्तू फेका आणि जीवरक्षकाला हाक मारा.

पोहोचण्याचा दिवस

मालदीवमध्ये बहुधा एका बेटावर एकच रिसॉर्ट असतं आणि तिथवर स्पीडबोट, देशांतर्गत विमान किंवा सी-प्लेनने जावं लागतं. सी-प्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं. तुमचं मोठं विमान दुपारी उशिरा उतरणार असेल तर ती रात्र माले परिसरात काढावी लागू शकते, आणि सुट्टीतली एक रात्र तिथेच जाते. म्हणून तिकीट काढण्याआधी आम्हाला वेळ दाखवा. सामानाची मर्यादाही मोठ्या विमानापेक्षा कमी असते. आणखी एक बारीक गोष्ट: काही रिसॉर्ट संध्याकाळ लांबावी म्हणून घड्याळ मालेच्या एक तास पुढे ठेवतात. परतीची वेळ कुठल्या घड्याळाची आहे, ते विचारूनच घ्या.

खोली बहुधा दुपारी मिळते. पोहायचे कपडे, टोपी, रोजची औषधं आणि चष्मा हातातल्या पिशवीत ठेवलेत तर तोवरचा वेळ पाण्यात काढता येतो. बोट लागत असेल तर गोळी बोटीत चढण्याच्या तासभर आधी घ्या. मळमळायला लागल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. रोजची इतर औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारा.

जेवणाच्या बाबतीत एवढंच सांगतो: एका बेटावर एकच रिसॉर्ट असेल तर बाहेर जेवायला जागाच नसते, तिथे तिन्ही वेळचं जेवण पॅकेजमध्ये असावं. गाव जवळ असेल तर नुसता नाश्ता धरा आणि बाहेर जेवा.

ऊन

विषुववृत्ताजवळ दुपारचं ऊन जवळजवळ सरळ डोक्यावर येतं आणि अतिनील किरणांचा निर्देशांक अनेकदा ११ च्या वर जातो. ढग असले तरी त्वचा भाजते. सगळ्यात जास्त भाजते ती पाठ आणि पोटऱ्यांची मागची बाजू, कारण तोंड पाण्यात घालून मासे बघताना गारव्यात कळत नाही. पहिल्याच दिवशी असं झालं की पुढच्या चार रात्री कुशीवर झोपून काढाव्या लागतात. लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला, क्रीमपेक्षा तो खात्रीचा. क्रीम एसपीएफ ३० किंवा जास्त, आणि दर दोन तासांनी पुन्हा. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायनं नसलेलं क्रीम घ्या. प्रवाळाला अपाय होऊ नये म्हणून पलाऊने २०२० पासून ही रसायनं असलेल्या क्रीमवर बंदी घातली, आणि हवाईत २०२१ पासून त्यांच्या खुल्या विक्रीवर.

सूर्यास्त तिथे चटकन उरकतो, संधिप्रकाश फार टिकत नाही. मालदीवमध्ये वर्षभर सहा-सव्वासहाच्या आसपास. बघायचा असेल तर साडेपाचलाच किनाऱ्यावर बसा.

दिवस रिकामे ठेवा

सात दिवसांत तीन बेटं करायचा आग्रह आम्ही प्रेमाने मोडून काढतो. प्रत्येक बदलात आवराआवर, बोट, वाट बघणं यात अख्खा दिवस जातो. एकाच ठिकाणी किमान पाच रात्री राहा. सहली दोनच घ्या, त्याही तिसऱ्या दिवसानंतर, अंग सैल झाल्यावर. स्कूबा करणार असाल तर तो आधीच्या दिवसांत उरकून घ्या. शेवटच्या डुबकीनंतर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जाऊ द्यावेत, आणि सी-प्लेनही विमानच आहे.

दिवसभर एकत्रच असलं पाहिजे, असंही नाही. एकाला पहाटे पाण्यात उतरायचं असतं, दुसऱ्याला दहापर्यंत झोपायचं असतं. दोघांनी आपापली सकाळ घ्यावी आणि दुपारी भेटावं.

बुकिंगसाठी आम्हाला काय हवं

तारखा, दोघांना पोहता येतं का, बोट लागते का, झोप हलकी आहे का, आणि कुठला आजार किंवा गरोदरपण असेल तर ते. नवविवाहितांच्या सवलतीसाठी अनेक रिसॉर्ट विवाह प्रमाणपत्र मागतात, त्याची प्रत सोबत द्या. शिवाय एका कागदावर दोघांनी वेगवेगळं, एकमेकांना न दाखवता, लिहून द्या: रिकामी दुपार मिळाली तर काय कराल? दोन उत्तरं जुळली नाहीत तरी अडचण नाही. ती हातात आली की आम्ही तीन किनारे सुचवतो, प्रत्येकाचे त्या तारखांचे भरती-ओहोटीचे तक्ते आणि वाऱ्याची दिशा यांसह. खोल्यांचे फोटो त्यानंतर पाठवतो.