मिशिगनच्या 13 जागा: रेषा कोणी आखल्या आणि निवडणूक कुठे ठरते

2022 मध्ये मिशिगनने अमेरिकी प्रतिनिधिगृहात 7 डेमोक्रॅट आणि 6 रिपब्लिकन पाठवले. 2024 मध्ये आकडे उलटे झाले. नकाशा तोच होता, पक्ष बदलला तो फक्त लॅन्सिंगभोवतालच्या 7 व्या मतदारसंघात. एलिसा स्लॉटकिन सिनेटसाठी उभ्या राहिल्याने रिकामी झालेली ती जागा टॉम बॅरेट यांनी रिपब्लिकन पक्षाकडे नेली. 2022 मध्ये 10 व्या मतदारसंघाचा फैसला तर अवघ्या 1,600 मतांनी झाला होता. इतक्या चुरशीच्या लढती या राज्यात अलीकडच्या आहेत. दशकभरापूर्वी इथले बहुतेक निकाल नकाशावरच लागलेले असत.

1960 च्या जनगणनेनंतर मिशिगनला 19 जागा मिळाल्या होत्या. 1980 पासून दर जनगणनेला गळती लागली: 18, 16, 15, 14 आणि आता 13. एका दशकाचा अपवाद वगळता लोकसंख्या घटली नव्हती, दक्षिणेकडची आणि पश्चिमेकडची राज्ये जास्त वेगाने वाढली. पण एक जागा गेली की सगळ्याच नकाशाची शिवण उसवावी लागते, आणि सुई-दोरा ज्याच्या हाती त्याची चंगळ होते.

सुई-दोरा हाती असून काम टाळणारेही झाले. 1962 मध्ये विधिमंडळाने जुने 18 मतदारसंघ तसेच ठेवले आणि वाढीव प्रतिनिधी अख्ख्या राज्यातून निवडला गेला. त्यामुळे सर्वात मोठ्या मतदारसंघात 8 लाखांवर माणसे, तर सर्वात लहानात 1 लाख 77 हजार. 1964 मध्ये जॉर्जियातल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने समान लोकसंख्येचा दंडक घातला आणि ही तफावत संपली. मात्र डोकी सारखी मोजली म्हणजे मतांचे वजन सारखे झाले, असे नाही.

भारतात सीमा ठरवायला परिसीमन आयोग असतो. मिशिगनमध्ये नकाशा साध्या विधेयकासारखा विधिमंडळात मंजूर होई आणि गव्हर्नर सही करत. 2011 मध्ये दोन्ही सभागृहे आणि गव्हर्नरपद रिपब्लिकनांकडे होते. युक्ती जुनीच: विरोधकांचे मतदार थोड्या मतदारसंघांत कोंबायचे, उरलेले पातळ करून पसरायचे. 14 वा मतदारसंघ डेट्रॉइटच्या पूर्व टोकाकडून निघून उपनगरांतून वळणे घेत थेट पॉन्टिअ‍ॅकपर्यंत जाई. 2012 मध्ये डेट्रॉइटच्या दोन्ही जागा डेमोक्रॅटांनी 80 टक्क्यांहून जास्त मतांनी जिंकल्या. जिंकायला निम्म्याहून जरा जास्त पुरतात, वरची सगळी मते वाया. राज्यभरात निम्म्याहून अधिक मते मिळूनही त्यांच्या पदरी 14 पैकी 5 जागा पडल्या. 9 विरुद्ध 5 हे गणित 2014 आणि 2016 मध्येही हलले नाही.

नोव्हेंबर 2016 मध्ये केटी फाही या तरुणीने फेसबुकवर दोन ओळी लिहून, नकाशांतली ही पक्षीय लबाडी संपवायला सोबत कोण येणार, असे विचारले. त्यातून 4 लाखांवर सह्या जमल्या आणि 2018 मध्ये नकाशे आखायचे काम नागरिकांच्या आयोगाकडे देणारी मिशिगनच्या राज्यघटनेतली दुरुस्ती सुमारे 61 टक्के मतांनी मंजूर झाली. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने पक्षीय नकाशांचे वाद फेडरल न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवले. ही दुरुस्ती झाली नसती, तर लोकांची वाट आणखी बिकट झाली असती.

नव्या आयोगात 13 सामान्य नागरिक असतात: 4 डेमोक्रॅट, 4 रिपब्लिकन, 5 कोणत्याच पक्षाचे नसलेले. आधी 200 नावे निघतात, विधिमंडळातले चार नेते त्यातली 20 पर्यंत खोडू शकतात, मग सोडत. नकाशा मंजूर व्हायला बहुमत हवे आणि तिन्ही गटांतले किमान दोन-दोन सदस्य बाजूने हवेत. निकषांचा क्रमही ठरलेला आहे: आधी समान लोकसंख्या आणि मताधिकार कायदा (अल्पसंख्याकांच्या मतांना संरक्षण देणारा), शहरांच्या व काउंटींच्या सीमा बऱ्याच खाली. 28 डिसेंबर 2021 रोजी लोकसभेसारख्या प्रतिनिधिगृहाचा नकाशा 8 विरुद्ध 5 मतांनी मंजूर झाला. प्रत्येक मतदारसंघात सुमारे 7 लाख 75 हजार माणसे.

आयोगाला ठेच लागली ती डेट्रॉइटमध्ये. तिथे नोव्हेंबरची निवडणूक उपचारापुरती असते, खरा कौल ऑगस्टच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडणाऱ्या मतदानात. मिशिगनमध्ये मतदाराची पक्षनोंदणी नाही. मतपत्रिकेवर पक्षांचे रकाने शेजारी शेजारी असतात आणि एकाच रकान्यात राहावे लागते, दोन्हीकडे खूण केली तर पक्षीय भाग बाद. दुसरी फेरी नसते, सर्वाधिक मते घेणारा जिंकतो. त्याआधी मतपत्रिकेवर नाव यायला मतदारसंघातल्या 1,000 वैध सह्या लागतात. 2012 मध्ये विद्यमान प्रतिनिधी थॅडिअस मॅकॉटर यांच्या फक्त 244 सह्या टिकल्या, कारण जुन्या कागदांच्या छायाप्रती जोडलेल्या निघाल्या.

2022 मध्ये 13 व्या मतदारसंघाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत 9 उमेदवार होते. सुमारे 28 टक्के मतांवर श्री ठाणेदार पुढे गेले. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले हे मराठी उद्योजक निवडून आले, ही आपल्याला अभिमान वाटावी अशी गोष्ट. पण त्याच निकालाने 1955 पासून प्रथमच डेट्रॉइटला काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही, आणि तिथल्या लोकांची ती खंत तितकीच खरी आहे.

आयोगाचा दोष आकडेवारीच्या निवडीत होता. कृष्णवर्णीय मतदार कोंबायचे नाहीत म्हणून त्यांचे प्रमाण निम्म्याखाली आणले गेले, आणि त्यांचा उमेदवार तरीही निवडून येईल हे नोव्हेंबरच्या निकालांवरून ताडले. राज्यव्यापी प्रायमरीची वापरण्याजोगी आकडेवारी एकच होती, 2018 च्या गव्हर्नरपदाची, आणि तिच्यात ठाणेदार स्वतः उमेदवार होते. डिसेंबर 2023 मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने डेट्रॉइट परिसरातले राज्य विधिमंडळाचे 13 मतदारसंघ वंशाच्या आधारे आखल्याबद्दल रद्द केले आणि ते नव्याने आखावे लागले. काँग्रेसच्या रेषा त्या आदेशात नव्हत्या. 13 वा मतदारसंघ 2024 मध्येही होता तसाच राहिला.