तिजोरीत पैसा नाही म्हणून थांबलेले मतदान : श्रीलंकेतील स्थानिक निवडणुकांची पार्श्वभूमी

६ मे २०२५ रोजी श्रीलंकेत ३३९ स्थानिक संस्थांसाठी मतदान झाले. हे मतदान व्हायचे होते ९ मार्च २०२३ ला. मधली दोन वर्षे महापालिका, नगर परिषदा आणि गावपातळीवरच्या प्रादेशीय सभा लोकांनी निवडलेल्या सदस्यांविना चालल्या. पैसा नाही, असे कारण त्या वेळी देण्यात आले. ते पूर्ण खोटे नव्हते, पण पुरेसेही नव्हते.

१२ एप्रिल २०२२ रोजी श्रीलंकेने परकीय कर्जाची परतफेड थांबवली. पेट्रोलसाठी दिवसदिवस रांगा लागत होत्या, स्वयंपाकाचा गॅस मिळत नव्हता, औषधे संपत होती. सप्टेंबरपर्यंत महागाईचा दर ७० टक्क्यांच्या घरात गेला. त्याआधीच, जुलैत, संतप्त लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरले होते. गोटाबाया राजपक्षे देश सोडून गेले आणि संसदेने रनिल विक्रमसिंघे यांना राष्ट्राध्यक्षपदी निवडले. लोकांनी रस्त्यावर येऊन सत्ता उलथवली, पण नव्या सत्तेला लोकांचा थेट कौल नव्हता. असा कौल घेण्याची पहिली संधी होती ती स्थानिक निवडणूक. तिची धास्ती सत्ताधाऱ्यांना का वाटली असेल, हे उघड आहे.

मुदतवाढ मात्र दिवाळखोरीच्याही आधीची. २०१८ मध्ये निवडून आलेल्या संस्थांची चार वर्षांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपणार होती. जानेवारीतच, म्हणजे कर्जफेड थांबण्याच्या तीन महिने आधी, मंत्र्यांनी ती एक वर्षाने वाढवली. पुढे जानेवारी २०२३ मध्ये उमेदवारी अर्ज भरले गेले, अनामत रकमा जमा झाल्या आणि अर्थखात्याने हात वर केले. पगार, निवृत्तिवेतन आणि कर्ज यांपलीकडे खर्चाला पैसा नाही, असे सांगण्यात आले. वास्तविक अर्थसंकल्पात निवडणुकीसाठी १० अब्ज रुपयांची तरतूद होती. सरकारी छापखान्याने पैसे मिळाल्याखेरीज मतपत्रिका छापायला नकार दिला. फेब्रुवारीत कोलंबोतील निदर्शनांवर अश्रुधूर आणि पाण्याचा मारा झाला. त्यात जखमी झालेला एक उमेदवार दगावला. ३ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने तरतूद केलेला निधी अडवू नये असा अंतरिम आदेश दिला. तरीही तारीख २५ एप्रिलवर गेली आणि मग तारीखच उरली नाही. १९ मार्च २०२३ रोजी संस्थांची मुदत संपली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने सुमारे ३ अब्ज डॉलरचे साहाय्य मंजूर केले ते दुसऱ्याच दिवशी. आपल्याकडे ज्याला प्रशासकराज म्हणतात, ते तिथे आयुक्तांच्या नावाने सुरू झाले.

यात एक नुकसान फारसे बोलले गेले नाही. पूर्वी या संस्थांमध्ये स्त्रिया दोन टक्क्यांच्याही आत होत्या. २५ टक्के राखीव जागांमुळे २०१८ मध्ये प्रथमच त्या मोठ्या संख्येने सभागृहात पोचल्या. टंचाईचा भार घराघरात ज्यांनी वाहिला, त्यांचाच आवाज ऐन अडचणीच्या दिवसांत सभागृहाबाहेर गेला.

मतदान लांबवण्याची ही खोड जुनी आहे. ज्या देशाने १९३१ मध्येच स्त्री-पुरुष सर्वांना मताधिकार दिला, त्याच देशात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जे. आर. जयवर्धने यांनी डिसेंबर १९८२ मध्ये सार्वत्रिक निवडणुकीऐवजी सार्वमत घेऊन संसदेचे आयुष्य सहा वर्षांनी वाढवले. खालच्या पातळीवरच्या निवडणुकांचा इतिहास तर रक्ताळलेला. जून १९८१ मधल्या जिल्हा विकास परिषदांच्या मतदानाला चार दिवस उरले असताना उत्तरेकडच्या तमिळबहुल जाफना शहराचे ग्रंथालय जाळण्यात आले. तमिळ जगतातले ते अमोल भांडार. सुमारे ९७ हजार ग्रंथ आणि जुन्या ताडपत्रांची राख झाली.

१९८७ च्या भारत-श्रीलंका करारानंतर तेराव्या घटनादुरुस्तीने प्रांतिक परिषदा आल्या. तमिळांना स्वतःच्या कारभारात वाटा मिळावा हा हेतू होता. जनता विमुक्ती पेरामुना या डाव्या पक्षाने या परिषदांना कडाडून, शस्त्र हाती घेऊन विरोध केला. आज त्याच पक्षाचे नेते अनुरा कुमारा दिसानायके राष्ट्राध्यक्ष आहेत. २०१८ च्या स्थानिक निवडणुकीत या पक्षाला जेमतेम सहा टक्के मते होती, २०२० मध्ये त्यांच्या आघाडीचे तीन खासदार. नोव्हेंबर २०२४ मध्ये २२५ पैकी १५९.

सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट सांगितले, की निवडणूक न घेणे हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग होता. तरीही मतदानाला आणखी आठ महिने लागले. तोवर हवाही थोडी बदलली होती: दिसानायके यांच्या सत्ताधारी आघाडीची मते संसदेच्या निवडणुकीतल्या सुमारे ६१ टक्क्यांवरून ४३ वर आली. कोलंबो महापालिकेत ११७ पैकी ४८ जागा मिळाल्याने महापौरपदासाठी तिला इतरांची मते जुळवावी लागली. लोकांना वेळोवेळी विचारले, तर ते असे वेळोवेळी उत्तर देतात.

प्रांतिक परिषदांचा प्रश्न मात्र तसाच राहिला. २०१७ मध्ये संसदेने मतदानाची पद्धत बदलली, पण मतदारसंघांच्या नव्या सीमांचा अहवाल पुढच्याच वर्षी फेटाळला. जुना कायदा गेला, नवा चालेना. शेवटचे मतदान उवा प्रांतात सप्टेंबर २०१४ मध्ये झाले. मे २०२५ मध्ये लोक स्थानिक निवडणुकीच्या रांगेत उभे राहिले, तेव्हाही नऊ प्रांतांचा कारभार राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले राज्यपालच पाहत होते.